आधी पाणी मागावं लागतं

वाचकाचं पत्र:

प्रिय ताई, प्रभूच्या नावात सलाम.

मी आणि माझे यजमान सोळा महिन्यांपूर्वी मिशनरी म्हणून परदेशी आलो. देशाचं नाव कृपया छापू नका. सोबत सहा वर्षांचा मुलगा आहे. निरोपाच्या उपासनेत आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा वाटलं होतं की आता रोज कुणाला तरी प्रभूविषयी सांगता येईल. प्रत्यक्षात सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी परवान्याच्या रांगा, पाणी गेलं की पाणी, वीज गेली की वीज, मग मुलाचा अभ्यास. मी एका वहीत दोन रकाने आखले आहेत, 'सेवा' आणि 'इतर'. 'इतर'ची पानं भरत चालली आहेत आणि 'सेवा'च्या रकान्यात गेल्या महिन्यात जेमतेम दोन ओळी आहेत. त्यातच शेजारच्या आजी रोज येऊन बसतात, माझं बोलणं दुरुस्त करतात, तासभर त्यातच जातो.

दर महिन्याला मंडळीला प्रार्थनापत्र, म्हणजे कामाची खबर आणि प्रार्थनेची विनंती, पाठवावं लागतं. मागच्या पत्रात 'सेवा जोमाने चालू आहे' असं लिहिलं आणि रात्रभर झोप लागली नाही. यजमान म्हणतात, भाषा येईल तेव्हा येईल, दुभाष्या घेऊन घरात बायबल अभ्यास सुरू करू. अलीकडे मला कारण नसताना रडू येतं. रांगेत कुणी मध्ये घुसलं की संतापाने हात थरथरतात. मुलगा म्हणतो, मी तिकडचा नाही. तिकडे माझ्या बाबांची तब्येत खालावली आहे. आम्ही पाचारण, देवाचं बोलावणं, ओळखण्यात चुकलो का? परत यावं का? धाकटी बहीण समजून स्पष्ट सांगा.

– एक भगिनी

उत्तर:

प्रिय बहिणी, सलाम.

धाकटी बहीण समजा असं तूच लिहिलंस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बाबांच्या ओळीपाशी थांबले, दुसऱ्यांदा त्या वहीपाशी. परत यायचं की नाही, पाचारण खरं होतं की नव्हतं, या प्रश्नांकडे मी येईनच. पण तुझा रोजचा त्रास त्या दोन रकान्यांत आहे असं मला वाटतं, म्हणून सुरुवात तिथून करते.

शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट तुला पाठ असणार. आज ती तुझी वही शेजारी ठेवून पुन्हा वाच. भर दुपार आहे. येशू चालून चालून दमला आहे आणि विहिरीपाशी टेकला आहे. शिष्य खायला आणायला गावात गेले आहेत. विहीर खोल आहे आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. आता सांग, ही दुपार तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात गेली असती? प्रवास 'इतर', थकवा 'इतर', जेवणाची सोय 'इतर', तहान तर नक्कीच 'इतर'. आणि पुढचं सगळं बोलणं निघालं ते त्या तहानेतून. तो त्या बाईकडे पाणी मागतो. पोहरा तिच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. तिथे देणारी ती आहे.

हे मी व्यासपीठावरून बोलल्यासारखं बोलत नाही. मला ते समजायला परदेशातली तीन वर्षं लागली, म्हणून तुला सोळाव्या महिन्यात सांगते आहे. आपण निघतो ते देणारे म्हणून. मंडळीने पाठवलेलं असतं, सामानात पुस्तकं असतात, मनात योजना असतात. आणि उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं की आपल्याला साधा पत्ता विचारता येत नाही, नळ कुठे बंद करायचा ते माहीत नाही, दुकानदाराने परत दिलेले पैसे बरोबर आहेत की नाहीत हे मोजता येत नाही. ही असहायता किती अपमानाची वाटते! मग आपण ती लपवतो, शक्य तितकी कामं स्वतःच उरकतो, आणि मदतीला आलेल्या माणसाला 'माझा वेळ खाणारं माणूस' म्हणून वहीत टाकतो. तुझ्या पत्रात त्या आजींबद्दल एकच वाक्य आहे. मला मात्र सबंध पत्रात सर्वांत आशेचं तेच वाटलं.

माझी एक आठवण सांगते. आमच्या पहिल्या घरात मोरीच्या नळाचा सांधा गळायचा. भाषेच्या वर्गात मी तोवर क्रियापदांची तीन कोष्टकं पाठ केली होती, पण 'गळतंय' हा शब्द मला माहीत नव्हता. शेजारच्या बाईंच्या दारात उभी राहून मी हातवारे करत होते. त्या आल्या, पदराच्या टोकाइतकी एक चिंधी फाडली, सांध्याला तीन वेढे देऊन गाठ मारली. तरी एक थेंब पडतच होता. तेव्हा त्यांनी माझं बोट धरलं, त्या थेंबाखाली नेलं, आणि थेंब बोटावर पडला की तो शब्द म्हणायच्या. थेंब, शब्द. थेंब, शब्द. मी नीट म्हणेपर्यंत त्यांनी बोट सोडलं नाही. तो शब्द मी आजतागायत विसरलेले नाही. वर्गातली कोष्टकं केव्हाच गेली.

त्याच बाईंनी दोन वर्षांनी एक गोष्ट केली. मी सकाळी ओट्यावर बसून प्रार्थना करायचे, तोवर त्यांच्याच भाषेत करायला लागले होते. एकदा त्या थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तू ज्याच्याशी बोलतेस तो कोण आहे? मी म्हटलं, माझा बाप, देव. त्या म्हणाल्या, मग त्याच्याशी कचेरीतल्या साहेबाशी बोलावं तसं का बोलतेस? घरातल्या बापाशी आम्ही असं बोलत नाही. आणि त्यांनी मला क्रियापदाचं दुसरं रूप सांगितलं, घरातलं. आपल्या मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो, त्यात जे येतं तेच. वर्गात आम्हाला आदराचं रूप शिकवलं होतं आणि मी तेच सगळीकडे वापरत होते. त्या देशात देवाला बाप म्हणून हाक कशी मारायची हे मला एका अशा बाईने शिकवलं, जिने तोवर येशूविषयी माझ्या तोंडून चार वाक्यंही ऐकली नव्हती. पुढे आमचं त्याविषयी खूप बोलणं झालं. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. माझ्या मैत्रीण मात्र शेवटपर्यंत राहिल्या, आणि या मैत्रीला मी कधी 'निष्फळ' म्हटलेलं नाही.

आपल्या क्षेत्राच्या जुन्या नोंदींत याची एक सुंदर साक्ष आहे. अ‍ॅडोनिराम जडसन आणि त्यांची पत्नी अ‍ॅन हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये ब्रह्मदेशातल्या रंगूनला पोहोचले. अ‍ॅडोनिराम दिवसभर शिक्षकाबरोबर ग्रंथ घेऊन बसायचे. अ‍ॅनच्या वाट्याला घर आलं: नोकरमाणसं, बाजार, स्वयंपाक, येणारे-जाणारे. अभ्यासाला तिला वेळ कमी मिळायचा. पण तिने स्वतःच पत्रात लिहून ठेवलं आहे की व्याकरण नवऱ्याला जास्त कळत असलं तरी बर्मी बोलायला आणि समजायला तिलाच अधिक येऊ लागलं, कारण दिवसभर तिला तेच बोलावं लागायचं. तुझा 'इतर' रकाना म्हणजे अ‍ॅन जडसनचा भाषावर्ग आहे. त्याची फी तू रोज थकून भरते आहेस, मग त्यातून मिळतं ते घे तरी!

आता भाषेचं व्यवहारातलं गणित. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांसाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास धरते, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना साधारण २२००. आठवड्याला वीस तास वर्ग धरला तरी २२०० तासांना ११० आठवडे होतात, म्हणजे सुट्ट्या न घेता दोन वर्षांहून जास्त. तू कुठली भाषा शिकतेस मला माहीत नाही, आणि आपण मराठी माणसं, आपल्याला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण सोळा महिन्यांत मनातलं बोलता येत नाही म्हणून स्वतःला मंद समजणं अन्यायाचं आहे एवढं त्यातून कळतं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तचरित्र छापून आलं १६१६ मध्ये. सदतीस वर्षं! त्या मधल्या वर्षांत ते माणसांत राहिले, गावोगाव फिरले, ऐकत राहिले. त्याशिवाय तशी मराठी इंग्लंडातून आलेल्या माणसाच्या लेखणीतून उतरत नाही.

म्हणून आजींच्या त्या तासाला शिस्त लाव. १९७० च्या दशकात मिशनऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या ब्रूस्टर दांपत्याचा आग्रह असायचा की रोज थोडंच शिकायचं, पण ते लगेच खूप माणसांशी बोलून वापरायचं. आजींकडून सकाळी चार वाक्यं घ्यायची. 'मी भाषा शिकते आहे' इथपासून सुरुवात. त्यांच्या आवाजात ती फोनवर रेकॉर्ड करायची, पंचवीस वेळा ऐकायची, आणि संध्याकाळच्या आत दहा जणांना बोलून दाखवायची: रांगेतल्या माणसाला, दुकानदाराला, मुलाच्या मित्राच्या आईला. दुसऱ्या दिवशी आजींना सांगायचं, कोण काय म्हणालं. मग त्या तुझा वेळ खाणाऱ्या शेजारीण राहत नाहीत, तुझ्या गुरू होतात. वयाने मोठ्या माणसाला कुणीतरी मनापासून शिष्य मिळाला तर तो त्याला जीव लावतो, हे मी एकाहून जास्त देशांत पाहिलं आहे.

यजमानांशी माझा इथे मतभेद आहे, तोही स्पष्ट सांगते. दुभाष्या घेऊन अभ्यासवर्ग सुरू करता येतो, पण त्यात लोक दुभाष्याशी नातं जोडतात, तुमच्याशी नाही, आणि तो काय बोलला हे तुम्हाला तपासता येत नाही. 'कृपा' या शब्दासाठी त्याने त्या भाषेतला कुठला शब्द वापरला, मेहेरबानीचा की दयेचा की उपकाराचा, हे तुम्हाला कळणार नाही. त्यांची घाई मला समजते. पाठवणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हवं असतं, आणि पुरुषमाणसाला रिकामे हात फार टोचतात. पण जडसन यांनी रंगूनच्या रस्त्याकडेला वाटसरूंच्या विसाव्यासाठी असतो तसा झयात बांधला आणि तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायला लागले ते १८१९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे पोहोचल्यानंतर पावणेसहा वर्षांनी. पहिला बाप्तिस्मा, मौंग नौ याचा, त्याच वर्षी जूनमध्ये झाला. यजमानांना सांग, निदान आणखी एक वर्ष भाषेला द्या. त्या गावात आधीपासून विश्वासणाऱ्यांची मंडळी असेल तर तिच्यात जाऊन मागच्या बाकावर बसा, खुर्च्या लावा, झाडू मारा. स्वतःचा वर्ग उघडण्यापूर्वी कुणाच्या तरी हाताखाली राहा. आणि एक, जे मी प्रत्येक नव्या मिशनऱ्याला सांगते: कुणाला औषध दिलं, मुलांना शिकवलं, धान्य दिलं, तर ते त्या माणसासाठी द्या. उपासनेला येण्याची अट त्याला चिकटवू नका, मनातसुद्धा. आणि परवान्याच्या अर्जावर जे काम लिहिलं आहे ते खरोखर करा. खोट्या कागदावर उभं राहून सत्याविषयी बोलता येत नाही.

विल्यम केरी यांचं नाव आपण सगळे घेतो. १७९३ मध्ये ते बंगालला आले आणि पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात, सात वर्षांनी, कृष्ण पाल यांचा. कृष्ण पाल सुतार होते. पडून त्यांचा खांदा निखळला होता आणि केरींचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांनी तो बसवला. त्या भेटीतून पुढचं बोलणं निघालं. एका निखळलेल्या खांद्याची दुपार, तीही 'इतर'च!

पण केरींच्या घरात आणखी कुणीतरी होतं. डोरोथी, त्यांची पत्नी. मुळात तिला यायचंच नव्हतं. आल्यावर वर्षभरातच पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. तिचं मन कोलमडलं ते पुन्हा सावरलं नाही, आणि १८०७ मध्ये ती गेली. केरींच्या चरित्रांत तिला एखादं पान मिळतं. मला ते पान फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळी उपचार नव्हते, तिला समजून घेणारं जवळ कुणी नव्हतं. तुझ्या काळात दोन्ही आहे. म्हणून तुझ्या पत्रातली 'कारण नसताना रडू येतं' ही ओळ मी सोडून देणार नाही.

थरथरणारे हात, रांगेतला संताप, याला नाव आहे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या एका लेखात परक्या संस्कृतीच्या धक्क्याची लक्षणं लिहिली आहेत: पुन्हा पुन्हा हात धुणं, पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी, शून्यात बघत बसणं, जराशा उशिरावरून संताप, मायदेशी जाण्याची तीव्र ओढ. वाचताना मला माझंच दुसरं वर्ष आठवलं. पहिले काही महिने सगळं नवलाचं असतं, मग हा काळ येतो, आणि भाषा येऊ लागली तसा तो बहुतेकांचा ओसरतो. तेव्हा तुझी श्रद्धा कमी पडली असा अर्थ काढू नकोस. मात्र रडू रोज येत असेल, दोन-तीन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवा, आणि तो आत्ता हवा. बहुतेक मिशन संस्थांकडे मिशनऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक असतात, फोनवरही बोलता येतं. तुमच्या संस्थेला विचार. विचारायची लाज वाटत असेल तर यजमानांना विचारायला सांग.

बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. आठवड्यातला एक अख्खा दिवस तुम्ही तिघांनी काहीही उत्पन्न न करता घालवायचा. त्या दिवशी वर्ग नाही, भेटी नाहीत, पत्रं नाहीत. रविवार हा मिशनऱ्याच्या विश्रांतीचा दिवस सहसा नसतोच, म्हणून दुसरा वार ठरवा आणि आजींनाही सांगून ठेवा.

आता ते प्रार्थनापत्र. मागच्या पत्रातलं वाक्य खोटं होतं हे तुला कळलं, म्हणूनच झोप लागली नाही. चांगली खूण आहे. पुढच्या पत्रात ते दुरुस्त कर, गाजावाजा न करता. असं काहीसं लिही: 'मागच्या महिन्यात सेवा जोमाने चालू आहे असं मी लिहिलं होतं. खरं म्हणजे आम्ही अजून बोलायला शिकतो आहोत. या महिन्यात मी पहिल्यांदा दुकानात पूर्ण वाक्य बोलले. शेजारच्या एक आजी मला रोज शिकवतात. मी थकले आहे. माझ्या वडिलांसाठी आणि माझ्या झोपेसाठी प्रार्थना करा.' बस. तुला वाटतं मंडळी निराश होईल. होईल एखादा. पण मी पुढे पाठवणाऱ्या मंडळीच्या कमिटीतही बसले आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते: जोमाची पत्रं आम्ही उपासनेत वाचून दाखवायचो आणि फाईलला लावायचो. 'मी थकले आहे' असं पत्र आलं की बायका त्याच रात्री गुडघ्यावर जायच्या.

पत्र पाठवण्यापूर्वी एक कसोटी लाव. ते भाषांतर करून आजींना वाचून दाखवलं तर त्यांना तुझ्याविषयी काय वाटेल? 'अंधारात चाचपडणारे लोक' असं काही तू त्यांच्याविषयी लिहिलं असशील तर ते खोडून टाक. त्यांच्या दुःखाची गोष्ट त्यांना न विचारता लिहू नको, फोटो तर नाहीच. आजकाल पत्र एका ठिकाणी राहत नाही, आणि काही देशांत एखाद्याचं नाव मिशनऱ्याच्या पत्रात येणं त्याला धोक्याचं ठरू शकतं. तू मला देशाचं नाव छापू नका म्हणालीस, तेवढीच काळजी त्यांच्या नावाची घे.

मुलाविषयी थोडक्यात. 'मी तिकडचा नाही' म्हणतो तेव्हा त्याला लगेच दुरुस्त करू नका. एका संस्कृतीत जन्मून दुसरीत वाढणाऱ्या अशा मुलांना समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी 'थर्ड कल्चर किड्स', म्हणजे तिसऱ्याच संस्कृतीतली मुलं, असं नाव दिलं. ती दोन्हीकडची असतात आणि कुठल्याच एका ठिकाणची पुरती नसतात. त्याला घरात मराठीत वाचून दाखव, आजी-आजोबांशी मराठीतच बोलू दे. आणि तो तुझ्यापेक्षा लवकर भाषा शिकतो आहे म्हणून त्याला बाजारात, दवाखान्यात दुभाष्या करू नकोस. सहा वर्षांच्या मुलाने आईची कामं निभावायची नसतात. त्याचा मित्र सोडून गेला, शाळा बदलली, तर त्याला रडू दे. देवासाठी सगळं सोडायचं हे तू ठरवलंस, त्याने नाही.

आणि परत येण्याचं. तुझी मनःस्थिती बघता आज निर्णय घेऊ नकोस. झोप सुधारल्यावर, सहा महिन्यांनी, यजमान आणि पाठवणारी मंडळी यांच्याबरोबर बसून घे. मात्र परत येणं म्हणजे पळून येणं, हे आधी डोक्यातून काढून टाक, कारण त्या भीतीने माणसं मोडेपर्यंत थांबतात. मिशनरी हडसन टेलर १८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे चीनहून इंग्लंडला परतले आणि साधारण साडेपाच वर्षं तिथेच राहिले. चायना इनलँड मिशनची स्थापना त्यांनी १८६५ मध्ये केली, त्याच परतलेल्या काळात. बायबलमधला मार्क तर पौलाबरोबरच्या पहिल्याच प्रवासात पर्गा या गावाहून माघारी गेला. पौलाला तेव्हा ते सहन झालं नाही, आणि शेवटच्या दिवसांत पौलानेच आपल्या शिष्याला, तीमथ्याला, कळवलं की मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे.

बाबांसाठी मात्र सहा महिने थांबू नकोस. त्यांच्या डॉक्टरांशी तू स्वतः बोल, भावंडांकडून ऐकीव घेऊ नकोस. दिवस थोडे उरले असं डॉक्टर म्हणाले तर जा. एकटी जा, मुलाला घेऊन जा, जसं जमेल तसं, पण जा, आणि त्यासाठी मंडळीची परवानगी मागू नकोस, फक्त कळव. माझे वडील गेले तेव्हा मी गेले नव्हते. मला येशूचं वचन सांगण्यात आलं की नांगराला हात घातल्यावर मागे बघायचं नसतं, आणि मी ते ऐकलं. त्या वचनाचा तो अर्थ नव्हता. मला आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की मी जायला हवं होतं. दिवस थोडे नसतील तर ठरलेल्या वेळी रोज फोन कर, दहा मिनिटं का होईना, आणि मुलाला त्यांच्यासमोर बसव.

तुझ्या पत्रात आजी रोज येतात, तासभर बसतात, तुझं बोलणं दुरुस्त करतात. पण बाबा आजारी आहेत हे तू त्यांना सांगितलंस असं कुठे दिसलं नाही. सांगितलं नसशील तर उद्या त्या आल्या की त्यांना विचार, 'माझे वडील आजारी आहेत आणि मी त्यांच्यापासून लांब आहे' हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात. त्या सांगतील तसं म्हण. चुकलं तर त्या दुरुस्त करतील, पुन्हा म्हण. मग वहीत लिहायचं असेल तर ते कुठल्या रकान्यात लिहिलंस, ते मला कळव.

तुझी,
ताई